पत्र्यावरची थाप

सत्यशीला इंगोले शाळेच्या बसवर मावशी म्हणून कामाला लागली, तेव्हा तिला सगळ्यात जड गेलं ते ओरडणं. मुळात तिचा आवाज बारीक. त्यात बसचं इंजिन जुनं आणि आतल्या पोरांचा कालवा असा, की तिनं “चला” म्हटलेलं तिचं तिलाच ऐकू येत नसे. पहिल्याच आठवड्यात ड्रायव्हर वैजनाथ वैतागला.

“ताई, तुमचं काय मला ऐकू येत नाही. तुम्ही आपलं दाराच्या बाजूला पत्र्यावर हात मारत जा. एकदा मारलं की थांबायचं, दोनदा मारलं की निघायचं. मी आरशात बघतोच, पण तुमचा हात वाजल्याशिवाय गाडी काढणार नाही.”

तेव्हापासून तसंच चालत आलं. मूल उतरायचं, घ्यायला आलेल्या माणसाच्या हातात हात जायचा, आणि मग सत्यशीला पायरीवर उभी राहून पत्र्यावर दोनदा थाप मारायची. वारज्यापासून कर्वेनगरपर्यंतच्या गल्ल्यांत दुपारच्या वेळी तो आवाज इतका ओळखीचा झाला होता, की तळमजल्यावरच्या बायका आतूनच म्हणायच्या, शाळेची गाडी गेली वाटतं.

ती मूळची वाशीमकडची. हिंजवडीला कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या तेव्हा तिचा नवरा रंगनाथ तिथे आधी बांधकामावर आणि पुढे फाटकावर सिक्युरिटी म्हणून चिकटला. वर्षभरानं त्यानं बायकोला आणि लहानग्या भाग्यश्रीला आणलं. वारज्यात रामनगरच्या मागे दोन खोल्या मिळाल्या. सत्यशीलानं आधी सोसायट्यांतून जिने पुसले. मग कोणीतरी सांगितलं, धुमाळांना बसवर बाई पाहिजे.

बाबुराव धुमाळ वारज्याचेच. त्यांच्या वडिलांच्या उसाच्या जागी आता बारा-बारा मजले उभे होते. आलेल्या पैशातून बाबुरावांनी बस घेतल्या, काही कंपन्यांना लावल्या, काही शाळांना. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला साडी द्यायचे, सुट्टी मागितली तर कुरकुर करून का होईना द्यायचे. फक्त प्रत्येक गोष्टीला त्यांचं उत्तर एकच, “बघू की.” आणि ते बघायचं राहून जायचं.

कॅमेरे आले ते पालकांच्या सभेनंतर. दुसऱ्या कुठल्याशा शहरात शाळेच्या गाडीत काहीतरी वाईट झालं होतं, टीव्हीवर दोन दिवस तेच चाललं होतं. पालकांनी शाळेला घेरलं, शाळेनं धुमाळांना सांगितलं, आणि एका रविवारी खडकीहून तेजस नावाचा मुलगा पेटी, वायरी आणि ड्रिल घेऊन आला. त्याचं खडकी बाजारात छोटं दुकान होतं. कामाच्या गाड्या, बस, टँकर, जे येईल त्याला तो कॅमेरे बसवून द्यायचा. एक कॅमेरा त्यानं दाराच्या वर लावला, एक ड्रायव्हरच्या डोक्यामागे, पोरांकडे तोंड करून. रेकॉर्डिंगची पेटी ड्रायव्हरच्या सीटखाली गेली. तिच्यावर एक लाल लाइट.

“लाइट लागलेली आहे म्हणजे सगळं चालू आहे,” तो म्हणाला, आणि लॅपटॉपवर तिला चित्र दाखवलं.

सत्यशीलानं स्वतःला असं कधी पाहिलं नव्हतं. थेट डोक्यावरून. मधला भांग, भांगाच्या कडेचे पांढरे केस, निळा कोट, आणि पत्र्यावर टेकलेला हात. तिला उगाचच चोरट्यासारखं झालं. पुढचे काही दिवस ती पदर सावरत, नाक न शिंकरता, पोरांना न रागावता वागली. वैजनाथ हसायचा. “ताई, तुम्ही काय लग्नाच्या व्हिडिओत आहात का?”

मग एक प्रसंग असा घडला, की कॅमेऱ्याबद्दलचं तिचं मतच पालटलं. एका मुलीच्या आईनं तक्रार केली, मावशीनं माझ्या मुलीला दंडाला धरून ओढलं, वळ उठलेत. सत्यशीला हादरली. तिनं हात लावलेला नव्हता, पण तिचं कोण ऐकणार? धुमाळांनी तेजसला बोलावलं, रेकॉर्डिंग काढलं, शाळेच्या ऑफिसात सगळ्यांसमोर लावलं. शेजारच्या मुलाशी खिडकीवरून झालेल्या ओढाताणीत तो वळ उठला होता, स्पष्ट दिसत होतं. त्या आईनं “बरं” एवढंच म्हटलं आणि ती निघून गेली. सत्यशीला मात्र घरी येऊन रंगनाथला तीन-तीनदा सांगत राहिली. “अहो, तो कॅमेरा नसता तर मी गेली होती. काही बोलावं लागलं नाही मला. त्यात सगळं होतं.”

तेव्हापासून कोणी काही म्हटलं की तिचं उत्तर ठरलेलं, “कॅमेऱ्यात आहे सगळं.” कर्वेनगरच्या एका सोसायटीच्या फाटकाशी नातवाला घ्यायला श्रीनिवास पटवर्धन नावाचे निवृत्त बँक अधिकारी उभे असत. त्यांना तिनं एकदा कौतुकानं कॅमेरा दाखवला. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, “छान. म्हणजे आता मुलांवर देवाचं लक्ष नसलं तरी चालेल. धुमाळांचं आहे.” तिला ते बोलणं कळलं, तरी ती हसली. श्रीनिवासराव सगळ्यांशीच तसं बोलायचे. नातू शौनक बसमधून उतरला की मात्र त्यांचा चेहरा बदलायचा.

पुढच्या पावसाळ्यानंतर पेटी वाजायला लागली. सीटखालून सारखं टीं-टीं, टीं-टीं. पोरांना नवा खेळ मिळाला, सगळी बस एका सुरात टीं-टीं करायची. आधीच ऊन, त्यात धूर, त्यात हे. सत्यशीलाचं डोकं ठणकायचं. दोन दिवस तिनं सोसलं, मग वैजनाथला म्हणाली, “भाऊ, मालकाला सांगा न. तो आवाज बंद करा म्हणा. पोरं काहीच ऐकून राहिली नाहीत माझं.”

वैजनाथनं सांगितलं. तेजस आला, पेटी उघडली, बाहेर जाऊन फोनवर कोणाशी तरी बोलला, परत आला, आत काहीतरी काढलं-जोडलं. आवाज थांबला. लाल लाइट लागलेलीच होती. सत्यशीलानं त्याला कोपऱ्यावरचा चहा पाजला.

ते झालं दिवाळीच्या आधी. आणि संक्रांत होऊन गेल्यावर, एका दुपारी, शौनक गेला.

त्या दिवशी वेगळं असं काही नव्हतं. बस नेहमीच्या जागी थांबली. श्रीनिवासराव फाटकाशी होते, दोन पावलं पुढे येत होते. शौनक पहिलीतला. दप्तर पाठीला, पाण्याची बाटली गळ्यात. तो उतरला. सत्यशीला पायरीवर होती, हात पत्र्यावर. तेवढ्यात आत मागच्या बाकावर एका लहान मुलीला उलटी झाली, आजूबाजूची पोरं किंचाळली, आणि तिनं मान आत वळवली. बाटलीचा पट्टा सुटला असावा. बाटली गडगडत बसखाली गेली आणि शौनक ती घ्यायला वाकला. बस हलली.

तिनं श्रीनिवासरावांचा आवाज ऐकला. शब्द नव्हते त्यात. मग वैजनाथचा ब्रेक. ती खाली उडी मारून मागच्या चाकाकडे गेली आणि तिथेच बसली. आतली पोरं काचेला नाक लावून बघत होती. कोणीतरी बाईनं वर चढून खिडक्यांचे पडदे ओढले.

शौनकची आई सुरुची हिंजवडीहून दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं.

चौकीत वैजनाथनं पहिल्यांदा जबाब दिला. तो बोलला ते सरळ. “ताईंची थाप ऐकली. दोन वेळा. म्हणून गाडी काढली. आरशात बघितलं, पोरगं दिसलं नाही.”

मग तिला विचारलं. ती म्हणाली, “नाही. मी हात मारला नाही. पोरगं आजोबापाशी गेल्याबिगर मी कधीच मारत नाही.”

जबाब लिहिणाऱ्या हवालदारानं मान वर केली. “म्हणजे तेव्हा थाप मारली नाही. मग आत्ता मारताय का?”

कोपऱ्यातला एक जण हसला. सत्यशीलाला त्या हसण्याचं काही वाटलं नाही. तिला वाईट वाटत होतं, शौनकचं, वैजनाथचंही. पण स्वतःपुरती ती निर्धास्त होती. “साहेब, माझं ऐकू नका,” ती म्हणाली. “दाराच्या वर कॅमेरा आहे. माझा हात दिसतो त्यात. त्यात बघा.”

पोलिसांनी पेटी काढून नेली. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा बोलावलं तेव्हा टेबलावर ती पेटी झाकण उघडून ठेवलेली होती. धुमाळ खुर्चीत घाम पुसत बसले होते.

“यात काही नाही,” साहेब म्हणाले.

“असं कसं? लाइट लागत होती.”

“लाइट लागत होती. रेकॉर्डिंग होत नव्हतं. दिवाळीच्या आधीपासून काहीच नाही यात.”

तिनं धुमाळांकडे पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, “मला काय म्हाईत. मला वाटलं चालू हाय.”

मुलाच्या मृत्यूला निष्काळजीपणा कारणीभूत, असा गुन्हा वैजनाथवर आणि तिच्यावर दाखल झाला. दोघांना जामीन मिळाला. शाळेनं धुमाळांच्या गाड्या बंद केल्या, धुमाळांना दंड झाला, त्यांनी तो भरला. जूनमध्ये त्यांच्याच बस दुसऱ्या नावानं दुसऱ्या शाळेला लागल्या.

भाग्यश्री तेव्हा कर्वेनगरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकत होती. तिचा या “काही नाही”वर विश्वास बसेना. “आई, डेटा असा पूर्ण जात नाही गं. रिकव्हर होतो. आपण त्या तेजसलाच गाठू.” दोघी खडकीला गेल्या. बाजारातलं ते दुकान म्हणजे एक शटर आणि वायरींचा ढीग. तेजसनं त्यांना ओळखलं आणि स्टूल पुढे केलं. तो खोटं बोलला नाही.

“रिकव्हर व्हायला आधी रेकॉर्ड व्हायला पाहिजे,” तो म्हणाला. “डिस्कच मेली होती. बसमध्ये धक्के बसतात, आपले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेत. डिस्क गेली की पेटी बीप देते. टीं-टीं वाजत होतं ना? ते त्याचंच होतं. मी धुमाळसाहेबांना फोन केला, नवी डिस्क लागेल म्हटलं. ते म्हणाले, बघू की नंतर, आधी तो आवाज बंद कर. मावशीची तक्रार आलीये, पोरं त्रास देतात. मी बीप बंद केला. दोनदा आठवण करून दिली त्यांना. मग मीही सोडून दिलं.”

“हे तुम्ही पोलिसांना सांगाल?” भाग्यश्रीनं विचारलं.

“सांगितलंय. लिहून घेतलंय त्यांनी. पण त्यानं तुमच्या आईचा हात दिसणार नाहीये.”

खडकी स्टेशनच्या बाकावर त्या लोकलची वाट बघत बसल्या तेव्हा भाग्यश्री म्हणाली, “आई, तुला काय माहीत होतं तो आवाज कशाचा आहे? कोणीही बंद करायला सांगितलं असतं.” सत्यशीलानं मान हलवली. लोकल आली, माणसं चढली-उतरली, लोकल गेली. ती उठलीच नाही. भाग्यश्रीनं पुढच्या गाडीपर्यंत तिचा हात धरून ठेवला.

काम तर गेलंच होतं. रामनगरात बायका तोंडावर काही म्हणत नव्हत्या, पण नळावर ती आली की बोलणं थांबायचं. रंगनाथ एकदाच म्हणाला, “गावाकडे जाऊ काय?” ती म्हणाली, “केस सोडून कुठं जाता?” मग वारज्यातच मुलांच्या मेसमध्ये ती पोळ्या लाटायला लागली. लांबलांबून आलेली, कंपन्यांत नव्यानं लागलेली पोरं तिथे जेवायची. मालकानं विचारलं, भाकरी पण कराल का, जास्त देतो. ती नाही म्हणाली. भाकरी तिला उत्तम यायची. पण थापताना हाताचा जो आवाज होतो, तो तिला सोसत नव्हता. घरीही तिनं भाकरी बंद केली. रंगनाथनं ते मुकाट सोडून दिलं.

पहिलं वर्ष तिला खात्री होती. मी हात मारला नाही. कोणी विचारलं नाही तरी ती मनात म्हणायची. पण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहिलं, की आठवणीची कड झिजते, तसं तिचं झालं. तिला कळायला लागलं, की “मी मारला नाही” हे तिला आठवत नव्हतं. तिला आठवत होता तो नियम. मूल पोचल्याशिवाय मारायचा नाही, म्हणून मारला नसणार. पण हात तर पत्र्यावरच होता. मान आत वळलेली. रोज त्या जागी, त्या थांब्यावर, तो हात दोनदा वाजायचाच. हाताला नियम माहीत होता की फक्त सवय?

आणि आणखी एक विचित्र गोष्ट. ते सगळं आठवायला गेलं की तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसायचंच नाही. वरून दिसायचं. लॅपटॉपवर पाहिलं होतं तसं. मधला भांग, निळा कोट, पत्र्यावर हात. त्या चित्रात हात कधी तसाच राहायचा आणि कधी उचलला जायचा. ती पोळी लाटता लाटता थांबायची. तव्यावरची करपायची.

तारखा पडत राहिल्या. शिवाजीनगरच्या कोर्टात ती आणि वैजनाथ एकाच बाकावर बसायचे, मध्ये एका माणसाची जागा सोडून. दोघांचे वकील वेगळे, दोघांचं म्हणणं एकमेकांच्या मुळावर. हात वाजला होता तर ती दोषी, नव्हता तर तो. तरीही त्यांनी कधी भांडण केलं नाही. वैजनाथचं लायसन्स अडकलं होतं. तो एका गोदामात माल उतरवायचा. वर्षादोन वर्षांत तो म्हातारा दिसायला लागला.

मग श्रीनिवासरावांची साक्ष झाली. सरकारी वकिलांनी विचारलं, पत्र्यावर थाप ऐकू आली का? ते कठड्याला धरून उभे होते. “आवाज कसलातरी झाला,” ते म्हणाले. “थाप होती की इंजिनाचा होता, की बाटली पडल्याचा, मी सांगू शकत नाही. माझं लक्ष नातवाकडे होतं.” मग म्हणाले, “लक्ष होतं, असं मी रोज स्वतःला सांगतो.” त्यांच्या बोलण्यातली ती जुनी धार कुठेच नव्हती. पुढे लॉकडाउन आला, कोर्ट बंद राहिलं, आणि ते उघडलं तेव्हा श्रीनिवासराव राहिले नव्हते.

शेवटी आरोपींनी न्यायाधीशांसमोर आपलं म्हणणं सांगायची तारीख आली. सत्यशीलाला सरकारकडून मिळालेली वकील प्रियदर्शनी तरुण होती, कामात चोख. तिनं बाहेर समजावलं. “मावशी, एकच वाक्य. मी थाप मारली नाही. पहिल्या दिवसापासून तुमचं तेच म्हणणं आहे, त्यात फरक नको. तुमच्याविरुद्ध फक्त ड्रायव्हरचा शब्द आहे. बाकी पुरावा शून्य.”

ती आत काही कागद बघायला गेली. बाकावर वैजनाथ आणि सत्यशीला राहिले. वैजनाथनं इकडेतिकडे पाहिलं आणि मधली जागा ओलांडून जवळ सरकला.

“ताई, एक सांगू? रागावू नका.”

“बोला.”

“मी थाप ऐकली म्हणून सांगितलं. खोटं सांगितलं नाही मी. पण आता…” त्यानं तळवे मांडीवर घासले. “ती मला रोजच ऐकू यायची. थांबा आला, पोरगं उतरलं, थाप. गोदामात पण ऐकू येते. झोपेत येते. त्या दिवशीची वेगळी काढून दाखवा म्हटलं, तर मला जमत नाही. ऐकली म्हणून गाडी काढली, का गाडी काढली म्हणून ऐकली असणार असं वाटतंय, देव जाणे.”

सत्यशीला त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, निदान एकाला तरी माहीत आहे. आपण विसरलो तरी वैजनाथला माहीत आहे. तो तिच्याविरुद्ध बोलतो म्हणजे त्याला पक्कं माहीत असणार. तेही आता राहिलं नाही. त्या क्षणाचं असं कोणाकडेच काही उरलं नव्हतं.

“वकिलाला सांगितलं का हे?” तिनं विचारलं.

“सांगितलं. ते म्हणाले, वेडा आहेस का, गप राहा.” तो परत आपल्या जागी सरकला. “घरात दोन पोरी आहेत, ताई. मी गपच राहणार.”

नाव पुकारलं. ती आत गेली. न्यायाधीशांनी एकेक मुद्दा वाचून विचारला. घटनेच्या वेळी तुम्ही बसच्या दारात होता? होय. मृत मुलगा सुरक्षित जागी पोचण्याआधी तुम्ही पत्र्यावर दोन वेळा थाप मारून गाडी काढण्याचा इशारा केलात, यावर तुमचं काय म्हणणं?

प्रियदर्शनी तिच्याकडे बघत होती. सत्यशीलाला ते वाक्य पाठ होतं.

“साहेब,” ती म्हणाली, “मला आठवत नाही.”

“आधीच्या जबाबात तुम्ही थाप मारली नाही असं म्हटलं आहे.”

“तेव्हा मला तसं वाटत होतं. मी मारत नाही कधी. पण त्या दिवशी मारली का नाही, हे मला खरंच आठवत नाही. मारली असेल तर मला माफी नाही. नसेल मारली तरी मी मान वळवली होती. पोरगं माझ्या डोळ्यांआड झालं होतं. तेवढं मला पक्कं आठवतं.”

टायपिस्टचे हात चालत राहिले. बाहेर आल्यावर प्रियदर्शनीनं फाइल मिटली. मग म्हणाली, “मावशी, हे तुम्ही माझ्याशी आधी बोलायला हवं होतं. त्यानं कोणाचंच भलं झालं नाही. वैजनाथचंही नाही.”

“ते कळते मले,” सत्यशीला म्हणाली.

निकाल लागला. आरसा नीट न बघता गाडी पुढे घेतल्याबद्दल वैजनाथला सहा महिन्यांची शिक्षा झाली. अपिलासाठी मुदत आणि जामीन मिळाला. इशारा दिल्याचा पुरावा नसल्यानं सत्यशीला संशयाचा फायदा मिळून सुटली. संशयाचा फायदा हे शब्द भाग्यश्रीनं तिला समजावून सांगितले. सत्यशीला म्हणाली, “म्हणजे संशय राहिलाच न.” वैजनाथची बायको जिन्यात पायरीवर बसली होती. सत्यशीला तिच्याजवळ गेली, वाकली. त्या बाईनं तोंड फिरवलं.

कोर्टाच्या आवारात सुरुची तिची वाट बघत उभी होती. या सगळ्या वर्षांत ती प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर बसली होती, पण सत्यशीलाशी एक शब्द बोलली नव्हती. भाग्यश्री पुढे झाली, बहुधा आईच्या आड उभं राहावं म्हणून. सत्यशीलानं तिला बाजूला सारलं.

“तुम्ही घाबरू नका,” सुरुची म्हणाली. “निकालाबद्दल मला काही बोलायचं नाही. अपील वगैरे मी करणार नाही, दमले मी.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “मला ते रेकॉर्डिंग हवं होतं. सगळ्यांना वाटलं मला शिक्षेसाठी हवंय. वकिलांनाही तसंच वाटलं. मला नुसतं बघायचं होतं. सकाळी मी त्याला सोडला तेव्हा मी फोनवर होते. कॉल चालू होता. त्यानं हात केला असेल, मी बघितलं नाही. मला वाटलं, बसमधला तरी तो दिसेल. कुठे बसला होता, काय करत होता. पण तेही नाही म्हणाले.” ती एक पाऊल पुढे आली. “तुम्ही होतात तिथे. तुम्हाला त्यातलं काही आठवतं का?”

सत्यशीलाला हे आजवर कोणीच विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, वकिलांनी नाही. सगळ्यांना फक्त हात हवा होता.

“आठवते,” ती म्हणाली. “तो मागे बसत नसे, माहीत आहे न तुम्हाला? त्याला मळमळायचं. पुढच्या बाकावर, माझ्याजवळ बसायचा. त्या दिवशी त्याचा दात हलत होता.”

“दात?”

“वरचा, समोरचा. जिभेनं सारखा ढकलत होता. मला म्हणे, मावशी, हात लावून बघ. मी लावला. मग म्हणे, आईला सांगणार नाही, पडला की उशीखाली ठेवून एकदम दाखवणार.”

सुरुची म्हणाली, “मला माहीत नव्हतं.”

“सकाळीच हलायला लागला होता म्हणे.”

“अजून काय बोलला?”

सत्यशीला सांगत गेली. डब्यातली अर्धी पोळी त्यानं शेजारच्या मुलाला दिली होती आणि बदल्यात चिकटवायचं चित्र घेतलं होतं. शाळेत त्या दिवशी बेडूक शिकवला होता. कर्वे पुतळ्यापाशी गाडी अडकली तेव्हा त्यानं बाहेरच्या एका कुत्र्याला नाव ठेवलं, ते ऐकून सगळी बस हसली. ते नाव तिनं सांगितलं. सुरुची मध्येमध्ये विचारत होती, कुठल्या हातात डबा होता, स्वेटर घातलेला होता की काढलेला, आणि जिथे आठवत नव्हतं तिथे सत्यशीला “ते नाही आठवत” असं म्हणत होती. वकील, पक्षकार, चहावाले आजूबाजूनं जात-येत होते. भाग्यश्री जरा लांब, झाडाखाली उभी होती.

सांगण्यासारखं सगळं संपलं तेव्हा सुरुची आणखी थोडा वेळ तशीच थांबली, अजून काही येईल म्हणून. मग तिनं पर्स खांद्यावर नीट केली आणि फाटकाकडे चालू लागली. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि सत्यशीलानंही ते मागितलं नाही.

“काय म्हणत होत्या?” भाग्यश्रीनं विचारलं.

“शौनकचं विचारत होत्या.”

“केसबद्दल काहीच नाही?”

“नाही,” सत्यशीला म्हणाली, आणि दोघी वारज्याच्या बसच्या थांब्याकडे निघाल्या.